मर्सिडीजमागं म्हैस

गाडी दारात आली त्या दिवशी चनबसाप्पा गवळ्यांनी लेकाला दोनच प्रश्न विचारले आणि सोमशेखरनं दोन्हींची खरी उत्तरं दिली. तिथंच घोळ झाला. बापाशी अधूनमधून थोडं खोटं बोललेलं चालतं, त्यानं काही आभाळ कोसळत नाही. पण सोमशेखर पडला आईच्या वळणावर, पोटात एक आणि ओठात एक हे त्याला जमायचंच नाही.

दोन हजार तीन सालची गोष्ट. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या आपल्या गोठ्याच्या दारात अप्पा उभे होते, खांद्यावर वैरणीची पेंडी. समोर काळी कुळकुळीत मर्सिडीज, पुढच्या चाकाखाली सोमशेखरच्या आईनं, मल्लव्वानं, ठेवलेलं लिंबू, आणि बघायला निम्मी गल्ली.

"कितीला?" अप्पांनी विचारलं.

"अकरा लाख."

"त्यानं किती मागितलंतं?"

"अकराच."

अप्पांनी पेंडी खाली ठेवली. आता हे समजून घ्या, की कागलपासून गारगोटीपर्यंत कुणाला दुभती म्हैस घ्यायची झाली तर तो आधी चनबसाप्पांना जीपमध्ये घालून बाजारात न्यायचा. अप्पा जनावराभोवती दोन फेऱ्या मारणार, दात बघणार, कासेवर हात ठेवणार, तिला चालवून बघणार, आणि मग मालकाला असा काही आकडा सांगणार की त्याला घाम फुटला पाहिजे. बाजारात मालकानं सांगितलेला पहिला आकडा म्हणजे नुसता रामराम. त्याला कुणी किंमत समजत नाही. आणि त्याच चनबसाप्पांचा एकुलता एक लेक रामरामालाच पैसे मोजून आला होता.

"मागितलं तेवढं दिलंस," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. "सोमा, लेका, ह्या घरात तीन पिढ्यात असं कुणी केलं न्हाय. ह्या गाडीत मी बसणार न्हाय."

आणि पेंडी उचलून आत गेले.

"जाऊ दे," मल्लव्वा म्हणाली. "त्यांचं डोकं म्हणजे तापलेला तवा. निवल की." ती स्वतः मात्र पदर खोचून मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "चल, देवाला नेऊन आण."

तवा निवायला दीड वर्ष लागलं.

ही गाडी कसली, ते सांगायला हवं, नाहीतर पोरगं अकरा लाखाला का भाळलं ते कळायचं नाही. बाहेरून बघाल तर साधी, चौकोनी, चार दारांची मर्सिडीज. जर्मनीत असल्याच रूपाच्या गाड्या टॅक्सी म्हणून पळायच्या. फरक म्हणायचा तर चाकांवरचा पत्रा जरा फुगलेला, बस्स. पण तिचं नाव पाचशे ई. बॉनेटखाली पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. सव्वातीनशे घोड्यांची ताकद. उभ्या जागेवरून शंभराच्या वेगाला पोचायला सहा सेकंद, आणि अडीचशेला कंपनीनंच वेसण घातलेली, नाहीतर आणखी पळाली असती. आत चार माणसं हातात चहाचा कप धरून बसावीत असा तिचा डौल. इंजिन चालू आहे की बंद, हे काट्याकडं बघून ठरवावं लागायचं.

तिची जन्मकथा तर सोमशेखर कुणालाही धरून सांगायचा. एकोणीसशे नव्वद साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांना दाखवली. मर्सिडीजच्या इंजिनिअर लोकांचे हात दुसऱ्या मोठ्या गाडीत गुंतलेले, म्हणून त्यांनी हिचं काम त्याच गावातल्या पोर्शेकडं दिलं. पोर्शेला तेव्हा कामाची गरज होती. बरं, चाकांवरचा पत्रा फुगवल्यामुळं गाडी झाली रुंद, आणि मर्सिडीजच्या स्वतःच्या कारखान्यातल्या ओळीत ती मावेना. मग सांगाडा पोर्शेकडं जायचा, रंगाला परत यायचा, पुन्हा इंजिन बसवायला पोर्शेकडं, आणि शेवटी सगळं तपासायला परत घरी. लेक एका घरची आणि वाढली शेजारच्या घरात, तसला प्रकार. एकेका गाडीला अडीच आठवडे लागायचे म्हणतात. अशा दहा-साडेदहा हजार झाल्या आणि पंच्याण्णवला कारखान्यानं हात झटकले. नवी असताना जर्मनीतच तिची किंमत पंचवीस लाखांच्या घरात, वर आपल्या सरकारचा कर धरला तर ऐकणाऱ्यानं आधी पाणी पिऊन घ्यावं.

सोमशेखर पॉलिटेक्निकला होता तेव्हा लक्ष्मीपुरीत रद्दीच्या दुकानात एका परदेशी मासिकात त्यानं तिचा फोटो बघितला. मासिक घरी आणलं, गोठ्यातल्या माळ्यावर लपवलं आणि म्हशींची धार काढून झाली की वर चढून बघत बसायचा. पुढं शिरोलीच्या एमआयडीसीत एक लेथ घेऊन बसला, एकाच्या चार झाल्या, लग्न झालं, पण तो फोटो काही डोक्यातून गेला नाही. आणि मग अकरा वर्षांनी पुण्यात एका वकिलातीतल्या साहेबाची जुनी गाडी विकायची आहे असं कळलं. गेला, बघितली, दाराला हात लावला, आणि घासाघीस करायला तोंडच उघडेना. साहेब अकरा म्हणाला, ह्यानं मान हलवली. प्रेमात पडलेल्या माणसाकडून कुठला व्यवहार होतोय?

गाडी आल्यावर त्यानं तिचे लाड तरी किती करावेत. पाहुण्यानं कोपर टेकवलं तर हा रुमालानं तेवढी जागा पुसायचा. आईलासुद्धा म्हणायचा, "अव्वा, पाय झाडून बस." बायको विद्याश्री म्हणायची, "मला कधी एवढं पुसलं न्हाईसा." सगळ्या शिरोलीला त्यानं गाडीची जन्मकथा ऐकवली. चहावाल्याला पाठ झाली होती. गाडीची देखभाल करणारा कुतुबुद्दीन मिस्त्री तर पुढचं वाक्य आधीच म्हणायचा.

ऐकली नव्हती ती एकट्या अप्पांनी. आणि सोमशेखरला सगळं सांगायचं होतं ते त्यांनाच. हा पोरगा तिशी ओलांडून गेला, चाळीस माणसं त्याच्या हाताखाली, पण अप्पांनी एकदा शेजारी बसावं आणि विचारावं की बाबा, तू घेतलंयस तरी काय, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. आपल्या बापाला गुण ओळखता येतो आणि तो आपल्या गाडीकडं बघतसुद्धा नाही, हे त्याला लागायचं. अप्पा रोज सकाळी डेअरीला जायचे ते आपल्या जुन्या येझदी मोटरसायकलवरून, कॅन दोन्ही बाजूंना लटकावून, मर्सिडीजला वळसा घालून.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, मोटरसायकलची किक बंद. अप्पा म्हणाले, बरं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, अप्पांनी तक्रार केली नाही. पण नवरात्र उलटलं तसे ते गप्प गप्प राहायला लागले, भाकरी अर्धी टाकून उठायला लागले, आणि घरात सगळ्यांना कारण कळलं. दिवाळीचा पाडवा जवळ आला होता.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूरचा पाडवा म्हणजे काय ते सांगावं लागतं. त्या दिवशी म्हशींचा सगर असतो. गवळी लोक म्हशी भादरून, धुऊन काळ्याभोर चकचकीत करतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरांच्या माळा, कपाळाला मोरपीस. मग मालक मोटरसायकलीचा सायलेन्सर काढून फेकतो, फाडफाड आवाज करत रस्त्यानं सुटतो, आणि त्याची म्हैस तो आवाज ओळखून गर्दीतनं त्याच्यामागं पळते. दोर नाही, काठी नाही. जिवाच्या ओढीनं पळायचं. ज्याची म्हैस चांगली पळाली त्याची वर्षभर कॉलर ताठ.

अप्पांची कावेरी बारा वर्षं पळत होती. लांब तलवारीसारखी शिंगं खांद्यापर्यंत गेलेली, चाल अशी की बघणाऱ्यानं वाट सोडावी. ती येझदीमागं पळायची, पण खरं म्हणजे पळायची अप्पांच्या मागं. अप्पा मान वळवून घरच्या कानडीत हाक द्यायचे, "बा, कावेरी, बा." बा म्हणजे ये. एवढं ऐकलं की ती नाक अप्पांच्या पाठीला लावूनच थांबायची. आणि आता तिचं वय झालं होतं. अप्पांना पक्कं माहीत होतं, यंदा पळाली तर पळाली, पुढच्या पाडव्याला तिच्यानं होणार नाही.

पुतण्याला येझदीवर बसवून बघितलं. कावेरीनं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही, रवंथ करत उभी. शेजारचा जोतीराम, ज्याची म्हैस दरवर्षी कावेरीच्या मागं राहायची, कुंपणावरनं म्हणाला, "अप्पा, असू दे. वय झालं की इसावा घ्यावा. म्हशीनं बी आन मालकानं बी."

रात्री जेवताना मल्लव्वा बोलली.

"गाडीत बसा की," ती म्हणाली. "म्हशीला तुमचा आवाज पायजे. तुमी मोटरसायकलीवर बसला काय आन गाडीत बसला काय."

"त्या मुक्या गाडीमागं कावेरी पळंल व्हय?" अप्पा म्हणाले. "आवाज कुठं हाय तिला? मांजर गेल्यागत जाती." मग जरा वेळानं, "आन मी बसणार न्हाय म्हणून सांगितलंय."

"दीड वरीस झालं सांगून. देवाचा नवस बी एवढा पाळत न्हाईत कुणी."

सोमशेखर ताटाकडं बघत होता. अप्पा बसणार नाहीत असं पुन्हा म्हणाले खरं, पण आधी म्हणाले होते की गाडीला आवाज नाही. जनावर बघायला गेलेल्या माणसानं खोट काढली, म्हणजे त्याला ते घ्यायचं असतं, हे ह्याच घरात शिकलेला धडा होता. तो म्हणाला, "अप्पा, आवाज मी काढतो."

दुसऱ्या दिवशी कुतुबभाईच्या गॅरेजात गाडी उभी करून त्यानं सांगितलं, "हिचे सायलेन्सर काढा."

कुतुबुद्दीनभाईनं हातातला पाना खाली ठेवला. साठीचा माणूस, दाढी पिकलेली, त्यानं आजवर पाडव्याला शेकडो मोटरसायकलींचे सायलेन्सर काढले असतील. "अण्णा," तो म्हणाला, "तिकडं जर्मनीत हिचा आवाज बंद करायला लोकांनी डोकी झिजवली. आन तुमी म्हशीसाठी काढा म्हणताय?"

"म्हशीसाठी न्हाय, अप्पांसाठी."

"मग मगाशीच सांगायचं न्हाय व्हय," कुतुबभाई म्हणाला आणि गाडीखाली सरकला. बोल्ट सुटेपर्यंत सोमशेखर बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्यानं बघवत नव्हतं.

मग गाडी सुरू केली आणि गॅरेजाचा पत्रा हादरला. आठ सिलिंडरचं ते बाळसेदार इंजिन दहा वर्षं तोंड दाबून बसलेलं, ते एकदम मोकळं बोललं. येझदीची फडफड त्याच्यापुढं पोरखेळ. हा आवाज जाड होता, पोटातून येत होता. कुतुबभाईनं कानावरचे हात काढले आणि म्हणाला, "आता हिला पाडवा मानवंल."

मग सुरू झाली कावेरीची शाळा. रोज संध्याकाळी सोमशेखर कामावरून आला की गाडी गोठ्यासमोर उभी करायचा, इंजिन सुरू ठेवायचा आणि बॉनेटसमोर सरकीच्या पेंडेची पाटी ठेवायचा. कावेरीनं पहिल्या दिवशी पाठ फिरवली आणि शेण टाकलं. दुसऱ्या दिवशी पेंड खाल्ली, पण डोळा गाडीवर. अप्पा गोठ्याच्या कट्ट्यावर बसून सूचना द्यायचे. "पाटी जवळ घे. अजून जवळ. आवाज एकदम वाढवू नगंस, हळू चढव. जनावर हाय, मशीन न्हाय ते." आपण गाडी चालवायला शिकवतोय की म्हैस, हे अप्पांचं अप्पांनाही कळत नव्हतं. आठवडाभरानं कावेरीनं पेंड संपवून बॉनेट चाटलं. ज्या बॉनेटला पाहुण्याचं कोपर चालत नव्हतं त्याच्यावरनं ती खरखरीत जीभ सरकन फिरली, आणि सोमशेखरनं डोळे मिटून घेतले, पण रुमाल काढला नाही.

पाडव्याच्या सकाळी अप्पा नवं धोतर, रेशमी पटका बांधून दारात आले. गाडीजवळ थांबले. कुणाकडंच न बघता म्हणाले, "म्हशीसाठी बसतोय." मल्लव्वानं तोंडाला पदर लावला.

आता ह्या गाडीची एक खोड सांगायची राहिली. ती तिकडच्या रस्त्यांसाठी बनलेली, तिचं स्टिअरिंग डावीकडं. त्यामुळं सोमशेखर बसला डावीकडं आणि अप्पा उजवीकडं, म्हणजे आपल्या लोकांच्या डोळ्यांनी बघितलं तर ड्रायव्हरच्या जागेवर. गाडी बावड्याच्या मुख्य रस्त्याला लागली तशी गर्दीत हूल उठली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सत्तरीचं म्हातारं मर्सिडीज चालवतंय, ते पण दोन्ही हात खिडकीबाहेर काढून. "अप्पा, स्टेरिंग धरा की," कुणीतरी ओरडलं. अप्पांनी त्याला रुबाबात हात केला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. मोटरसायकली फाडफाड सुटत होत्या, त्यांच्यामागं म्हशी, घुंगरांचा खळखळाट, गुलाल. जोतीरामची म्हैस झोकात पळून गेली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग कावेरीची पाळी आली. पुतण्यानं तिला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं. सोमशेखरनं ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला, गाडी गर्जली, जवळच्या दोन म्हशी बिचकून बाजूला पळाल्या. आणि कावेरी उभीच राहिली.

ती इकडं तिकडं बघत होती. गोठ्यासमोर पेंड खाणं वेगळं आणि एवढ्या गर्दीत धावणं वेगळं. तिची नजर येझदी शोधत असावी. सोमशेखरनं आरशात बघितलं. लोक हसायला लागले होते. त्याला वाटलं, झालं, आपण अप्पांना चारचौघांत आणून बसवलं आणि हसं केलं.

अप्पांनी मग कमरेपर्यंत अंग खिडकीबाहेर काढलं. पटका सुटून खांद्यावर आला. ऑपरेशनचा गुडघा सीटवर टेकवून ते मागं वळले आणि भसाड्या आवाजात हाक दिली. "बा, कावेरी, बा."

कावेरीचे कान उभे राहिले. तिनं मान वर केली, त्या आवाजाच्या रोखानं एकदा बघितलं, आणि सुटली. बारा वर्षांची सवय एका बाजूला आणि माणूस एका बाजूला, तिनं माणूस निवडला. खूर डांबरावर वाजायला लागले, माळा उसळायला लागल्या, लोक ओरडत मागं सरले. अडीचशेनं पळणारी गाडी सोमशेखर म्हशीच्या पायानं चालवत होता. काटा तिशीलासुद्धा पोचला नाही. एक पाय ब्रेकवर, एक डोळा आरशात, आणि शेजारी अप्पा पोरासारखे हसत होते. सोमशेखरनं बापाला असं हसताना कधी बघितलं होतं ते त्याला सांगता आलं नसतं. अकरा लाखांत एवढंच आलं असतं तरी सौदा स्वस्त होता.

पण कावेरीला गाडीमागं राहून भागत नव्हतं. तिला नाक अप्पांना लावायचं होतं आणि अप्पा होते खिडकीत. ती मागनं बगलेला आली, खिडकीच्या बरोबरीनं पळायला लागली, आणि अप्पांकडं मान घातली. तलवारीसारखं लांब शिंग, टोकाला पाडव्याचं पितळी टोपण. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत असा कर्र आवाज झाला की सायलेन्सर नसतानासुद्धा सगळ्यांनी ऐकला.

सोमशेखरनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. काळ्या दारावर हातभर लांब पांढरी रेघ, पत्रा दिसेपर्यंत. "गेलं," जोतीराम कुणालातरी म्हणाला. "आता पोरगं म्हशीला मारतंय बघ."

सोमशेखर डावीकडनं उतरला आणि बॉनेटला वळसा घालून उजवीकडं आला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याला ती रेघ दिसली. पण हात गेला तो कावेरीच्या शिंगाकडं. त्यानं शिंग धरलं, मुळाशी बोटं फिरवली, डोळा बघितला, तिच्या गळ्याखाली थोपटलं. लहानपणापासून अप्पांना करताना बघितलेलं, तेच. कावेरी धापा टाकत होती, तिचा श्वास त्याच्या हातावर गरम लागत होता.

अप्पा खिडकीत होते, वीतभर अंतरावर. सगळं बघत होते.

"लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय अप्पा. शिंग साबूत हाय."

"आन गाडीला?"

"गाडीला लागलंय."

मल्लव्वा ओवाळणीचं ताट घेऊन गर्दीतनं पुढं आली होती. अप्पांनी खिडकीतनं हात लांब करून ताटातली हळद चिमटीत घेतली. सोमशेखरला वाटलं, कावेरीला लावणार. त्यांनी लावली ती दाराच्या रेघेवर. खालपर्यंत वाकून, बोटानं दाबत, खोल असेल तिथं जास्त, जशी म्हशीच्या जखमेत भरतात तशी. काळ्या गाडीवर पिवळा पट्टा उठला. कुणी हसलं नाही.

कुतुबभाई गर्दीतनं म्हणाला, "अप्पा, दोन दिवसात रंग मारून देतो. कळणार बी न्हाय."

"हात लावू नगंस," अप्पा म्हणाले. "घरातल्या जनावराचं हाय. भरंल."

मग त्यांनी पुतण्याला हाक मारून कावेरीला घरी न्यायला सांगितलं, तिला गूळ घाल म्हणाले, पाणी लगेच देऊ नगंस म्हणाले. ती वळणापर्यंत जाताना दिसली तोवर बघत राहिले. गाडीतनं मात्र उतरले नाहीत. पटका सारखा केला, काच वर कशी करायची ते विचारलं, आणि म्हणाले, "सोमा, बस आत. कागलपातूर जाऊन येऊ."

हायवे नवा झालेला, चौपदरी, सणाचा दिवस म्हणून मोकळा. उचगाव मागं पडलं तशी अप्पांनी समोर बघूनच मान हलवली. "आता सोड तिला."

सोमशेखरनं पाय दाबला. गाडी मागच्या चाकांवर बसल्यासारखी झाली आणि सुटली. अप्पांचं डोकं सीटला टेकलं, हातांनी गच्च दारची मूठ धरली, धोतराचा सोगा उडाला. ऐंशी, शंभर, एकशे चाळीस. रस्त्याकडेचा ऊस नुसता हिरवा पट्टा झाला. गाडी तसूभर हलत नव्हती, वळणावर रस्ता सोडत नव्हती. एकशे ऐंशीला सोमशेखरनं घाबरून शेजारी बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "साकु का, अप्पा? पुरे?"

अप्पांचे डोळे बारीक झाले होते. सोमशेखरला ते डोळे ओळखीचे होते. बाजारात एखादी म्हैस मनात भरली की अप्पा असेच बघायचे. मग गोकुळ शिरगावच्या पुढं कुठंतरी त्यांनी दारच्या मुठीवरचा हात काढला आणि समोरच्या लाकडी पट्टीवर ठेवला, हळूच, पाठीवर ठेवतात तसा.

"कुणाच्या पोटची रं ही?" त्यांनी विचारलं.

चहावाल्याला पाठ असलेली, मिस्त्रीला पाठ असलेली ती सगळी कथा ऐन वेळी सोमशेखरच्या डोक्यातनं पुसली गेली. नव्वद साल, पॅरिस, पोर्शे, काही आठवेना. डोळे भरून आले आणि रस्ता धूसर दिसायला लागला.

"सांग की," अप्पा म्हणाले. "एवढ्या आवाजात मला ऐकू येत न्हाय. हळू चालव आन पहिल्यापासनं सांग."

सोमशेखरनं पाय उचलला. काटा खाली आला, शंभर, साठ, चाळीस, मागनं येणारे ट्रकसुद्धा त्यांना ओलांडून जायला लागले. "अप्पा, हिचं असं झालं," त्यानं सुरुवात केली, आणि कागल लवकर येऊ नये म्हणून गाडी आणखी हळू केली.